मोरजीच्या वाळूवरचे तीन दिवस

गोवा म्हटला की इंदूर-बडोद्याकडील आमच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे उभी राहतात. एक मंगेशी-शांतादुर्गेच्या दीपमाळांचे आणि दुसरे माडांच्या रांगेपलीकडील निळ्या समुद्राचे. ही दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु त्यांवरून गोव्यातील प्रत्येक माणूस रोज सायंकाळी समुद्रावर पाय भिजवून घरी परततो अशी कोणाची समजूत असेल, तर ती दूर केली पाहिजे. आम्ही गोव्याचेच, परंतु समुद्राचे नव्हे. आमचे इब्रामपूर पेडणे तालुक्याच्या ईशान्येच्या कोपऱ्यात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्गच्या सीमेला टेकून बसलेले आहे. काजूच्या बागा, कुळागरे, बांबूची बेटे आणि मधून वाहणारी नदी हे आमचे वैभव. समुद्राची गाज आमच्या कानांवर येत नाही. आमच्या तालुक्याला लाभलेला सुंदर किनारा पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात आणि आम्ही मात्र पाहुणा आला तरच तिकडे वाट वळवतो. जवळच्या तीर्थाला जाणे नेहमी राहूनच जाते, तसाच हा प्रकार.

तरीही समुद्राशी आमचे एक नाते आहे आणि ते नदीचे आहे. सह्याद्रीच्या रामघाट परिसरात उगम पावून तिळारी या नावाने दोडामार्गातून खाली उतरणारी ही नदी आमच्या गावाजवळ गोव्यात शिरते. एका तीरावर आमचा पेडणे तालुका, दुसऱ्या तीरावर डिचोली. तिथल्या साळ गावचे शिमग्यातील गडे प्रसिद्ध आहेत. पुढे डिचोलीची जागा बारदेश घेतो, नदीला कोलवाळची नदी म्हणू लागतात आणि शेवटी शापोरा हे नाव धारण करून ती मोरजीपाशी अरबी समुद्रात विलीन होते. एकाच मुलीला माहेरी एक नाव, सासरी दुसरे, अशी आपल्याकडची जुनी रीतच आहे. ही नदी म्हणजे एके काळची राज्याराज्यांची सीमाही होती. नदीपलीकडील बारदेश सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेला. आमचे पेडणे मात्र १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते. त्यामुळे आमच्या बोलण्यात, दशावतारात, भजनाच्या चालींत सावंतवाडीचा वास अजून आहे. पेडण्याच्या भगवती मंदिरापुढील दोन भव्य हत्ती ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हा मुलूख वेगळा का, हे सांगावे लागणार नाही.

फेब्रुवारीच्या अखेरीस जोडून सुट्ट्या आल्या, तेव्हा या नदीच्या सोबतीने तिच्या शेवटापर्यंत जावे आणि तीन दिवस काहीही न करता तिथे राहावे, असा बेत ठरला. मंडळी आठ, चार जोडपी. एक स्नेही बँकेतून निवृत्त झालेले, एक डॉक्टर, एक काजू बागायतदार आणि आम्ही. सगळ्यांनी पन्नाशी ओलांडलेली. मोरजीला आमच्या एका जुन्या स्नेह्याचे घर आहे. घरामागच्या माडांत त्यांनी पर्यटकांसाठी चार खोल्या बांधलेल्या. त्यांचा आग्रह अनेक वर्षांचा होता. तो या वेळी आम्ही मोडला नाही.

चांदेल, कासारवर्णे मागे टाकून धारगळला हमरस्ता ओलांडला की हवेतला फरक नाकाला आधी कळतो. आगरवाड्यापाशी तर तो डोळ्यांनाही दिसतो. आगर म्हणजे मिठागर. गावाने आपला धंदा नावातच सांगून ठेवला आहे. उन्हात चमकणारे चौकोनी वाफे आणि बांधांवर रचलेल्या मिठाच्या शुभ्र राशी पाहून आमच्या बागायतदार स्नेह्यांनी गाडी थांबवायला लावली. आमच्या गावी ज्या पाण्यावर सुपारी पोसली जाते, तीच नदी इथे खारी होऊन माणसाला मीठ देते, याचे त्यांना मोठे नवल वाटले. चोपड्याला पोहोचलो, तेव्हा समोर नदीवरचा पूल दिसला. हा पूल होण्यापूर्वी शिवोलीहून फेरीबोटीने येण्यावाचून गत्यंतर नव्हते आणि बारदेशच्या किनाऱ्यावर गर्दी उसळली तरी त्या बोटीच्या वाट पाहण्यामुळेच मोरजी, मांद्रे, हरमल ही गावे बराच काळ निवांत राहिली. पूल झाला आणि निवांतपणाची किंमत वाढली. आता मोरजीच्या रस्त्यावर उपाहारगृहांच्या पाट्या रशियन लिपीतही वाचायला मिळतात. वाचायला म्हणजे पाहायला.

यजमानांकडील पहिला दिवस जेवणात आणि झोपेत गेला, हे सांगायला आम्हांला मुळीच संकोच वाटत नाही. उकड्या तांदळाचा भात, तिरफळे घातलेले बांगड्यांचे कालवण, तिसऱ्यांचे सुके आणि वर सोलकढी. आमच्यापैकी एका वहिनींचा सोमवार होता. त्या शिवराक असल्याने त्यांच्यासाठी फणसाच्या कुयरीची भाजी आणि आमसुलाचे सार. जेवणानंतर माडांच्या सावलीत चटया पडल्या. बँकेतल्या स्नेह्यांनी पत्त्यांचा डाव मांडला. पण तिसऱ्या हाताला निम्मे भिडू घोरू लागल्याने तो आपोआपच संपला. घड्याळाच्या घंटेवर आयुष्य काढलेल्या माणसाला दुपारच्या तीन वाजता कोणतीही घंटा होत नाही, ही जाणीव किती सुखाची असते, ते शाळेत काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून आम्ही नदीच्या मुखाशी, तेंबाच्या वाळूवर गेलो. पलीकडे शापोऱ्याचा किल्ला, अलीकडे ओहोटीने उघडा पडलेला वाळूचा दांडा आणि त्यावर शेकडो पक्षी. तपकिरी डोक्याचे कुरव, सुरय, इवलीशी पावले टाकीत धावणारे चिखल्ये. डॉक्टरांनी दुर्बीण आणली होती. त्यांनी सांगितले की हे कुरव उन्हाळ्यात लडाख आणि तिबेटच्या उंच सरोवरांवर घरटी करतात आणि थंडीत इथे येतात. हिमालयापलीकडचा पाहुणा आमच्याच तालुक्यात दर वर्षी न चुकता हिवाळा काढतो आणि आम्ही इतक्या जवळचे, पण कधी फिरकलो नाही, यावर सर्वांचेच हसणे झाले. उंचावरून एक पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड संथपणे तरंगत गेला, तेव्हा सगळे कुरव एकदम उडाले. वाळूवरचे पांढरे वस्त्र कोणीतरी झटकावे तसे.

पायांखाली आणखी एक वसाहत होती. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी पसरलेली दिसते. ती असते इवल्याशा कुर्ल्यांची करामत. वाळूतील खाद्याचा कण तेवढा शोषून घ्यायचा आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. भरती आली की सगळे पुसले जाते. ओहोटीला पुन्हा पहिल्यापासून. बँकेतले स्नेही म्हणाले, “आमचे लेजर असेच असायचे.” सूर्य वर येताना पाण्यात दूर काळी पाठ दोनदा चमकली. डॉल्फिन! मग पुढचा अर्धा तास कोणी कोणाशी बोलले नाही.

त्याच सकाळी किनाऱ्यावर रांपण ओढली जात होती. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा आणि मधे अर्धवर्तुळ घेऊन येणारे लांबलचक जाळे. आमच्या मंडळींनीही दोराला हात लावला. मदत किती झाली ते रांपणकारांनाच ठाऊक, पण वाटा म्हणून चार मुडदुशे मिळाले. यांत्रिक नौकांनी किनाऱ्यालगतची मासळी खरवडून नेऊ नये यासाठी याच रांपणकारांनी सत्तरच्या दशकात मोठा लढा दिला आणि १९८० साली गोव्यात सागरी मासेमारीच्या नियमनाचा कायदा झाला. समुद्र कोणाचा, हा प्रश्न इथल्या लोकांनी आजच विचारलेला नाही.

दुपारी हरमलला जाऊन समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेले गोड्या पाण्याचे तळे पाहिले आणि तिथून केरीला गेलो. सुरूच्या बनाखाली बसले की समोर नदी आणि नदीच्या उत्तर तीरावर तेरेखोलचा किल्ला. सावंतवाडीकरांचा हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ साली घेतला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी मुठभर सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. गोवा मुक्त व्हायला त्यानंतरही सात वर्षे लागली. मंडळी काही वेळ स्तब्ध बसून राहिली. सुट्टीत इतिहास शिकवायचा नाही, अशी आम्हांला आधीच ताकीद होती, म्हणून आम्हीही अधिक बोललो नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडे वळतो.

मोरजीच्या वाळूवर थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. दोन फूट लांबीचे, चाळीस-पंचेचाळीस किलो वजनाचे हे जनावर जन्मभर समुद्रात राहते. जमिनीवर येते ती फक्त मादी आणि तीही एवढ्याच कामासाठी. मागच्या वल्ह्यांनी ती घागरीच्या आकाराचा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू थापटून जागा सारखी करते आणि परत जाते. पुन्हा ती त्या जागी ढुंकूनही पाहत नाही. पन्नासेक दिवस वाळूची ऊबच आईचे काम करते. ऊब कमी असेल तर पिल्ले बहुधा नर निपजतात, जास्त असेल तर माद्या. ओडिशाच्या गहिरमाथ्याला लक्षावधी माद्या एकदम येतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर त्या एकेकट्या येतात. परंतु दोन्ही किनारे आपण समजतो तितके परके नाहीत. २०२१ साली ओडिशात खूण बांधलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरला अंडी घालताना सापडली. साऱ्या द्वीपकल्पाला वळसा घालून ती इकडे आली होती.

एक काळ असा होता की ही अंडी उकरून खाण्याची वा बाजारात विकण्याची या किनाऱ्यावर सर्रास पद्धत होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवांना संरक्षण मिळाले. पण कायदा कागदावर होता आणि अंडी वाळूत. विसाव्या शतकाच्या अखेरीस वनखात्याने मोरजीच्या ग्रामस्थांनाच राखणदार केले, तेव्हा चित्र पालटू लागले. अंड्यांची जागा ज्याला अचूक ठाऊक, त्याच्याएवढा चांगला राखणदार कोण मिळणार? रत्नागिरीतील वेळास गावानेही २००२ पासून असेच काम आरंभले आणि तिथला कासव महोत्सव आज सर्वांना ठाऊक आहे.

यजमान रात्री ओटीवर बसून या विषयावर मोकळेपणाने बोलले. त्यांचा प्रश्न पुस्तकातला नव्हता, घरातला होता. अंड्यातून बाहेर पडलेले पिल्लू रात्रीच्या वेळी जिकडे उजेड तिकडे जाते. हजारो वर्षे तो उजेड फक्त समुद्रावर असे. चांदण्याचा, लाटांच्या फेसाचा. आता उजेड जमिनीकडे जास्त. पिल्ले उलट दिशेला, माडांत, रस्त्यावर जातात आणि मरतात. “सर, दिवे मालवले तर गिऱ्हाईक जाते आणि लावले तर कासव जाते,” ते म्हणाले. “माझ्या आजोबांनी ही अंडी खाल्ली. मी त्यांची राखण केली. माझा मुलगा विचारतो, यातून आपल्याला काय मिळते? त्याला काय सांगू?” खोल्यांसाठी त्यांनी कर्ज काढलेले होते. पर्यटकांचा हंगाम आणि कासवांचा हंगाम एकच. समुद्राकडचे चारही दिवे त्यांनी दोन वर्षांपासून बंद ठेवले होते. शेजारच्या एका जागेतील दिव्यांची माळ मात्र मध्यरात्रीपर्यंत झगमगत असे. मुलगा समोरच बसला होता. तो अविनय करणारा नव्हता. पण पटलेलेही दिसत नव्हते. आमच्यापैकी कोणालाही चटकन उत्तर सुचले नाही. दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न असताना सुभाषिते सुचू नयेत, हेच बरे.

तिसऱ्या रात्री जेवणे आटोपून आम्ही किनाऱ्यावर फिरत होतो. वनखात्याने कुंपण घालून राखलेली घरटी थोडी दूर होती. तेवढ्यात यजमानांच्या मुलाने आम्हांला हाताने थांबवले. त्याच्या पुढ्यात, कुंपणाबाहेर, कोणाच्याच नोंदीत नसलेल्या एका घरट्यातून वाळू आत ढासळत होती आणि काळसर, तळहाताहून लहान पिल्ले उकळत्या भातासारखी वर येत होती. क्षणभर आनंदाने आमच्या तोंडून शब्द फुटेना. पण पुढच्याच क्षणी ध्यानात आले की ती समुद्राकडे पाठ करून चालली आहेत. माडांपलीकडे ती दिव्यांची माळ लखलखत होती.

मुलाने पळत जाऊन राखणदाराला आणले. राखणदाराने आल्या आल्या सांगितले की पिल्लांना कोणी हात लावायचा नाही, विजेरी लावायची नाही. फक्त मधे उभे राहून उजेड अडवा. बायकांनी अंगावरच्या शाली आणि यजमानांच्या घरातून आणलेल्या चादरी सोडल्या. आम्ही आठ जण, यजमान आणि त्यांची पत्नी हात पसरून, चादरी धरून, एका ओळीत उभे राहिलो. आयुष्यभर मुलांना ओळीत उभे करणाऱ्या आम्हांला इतक्या तातडीने ओळीत उभे राहण्याचा प्रसंग प्रथमच आला. मुलगा मात्र आमच्यात नव्हता. तो त्या शेजारच्या जागेत गेला होता. तिथे काय बोलणे झाले ते आम्ही ऐकले नाही. बऱ्याच वेळाने माळ विझली. किनारा एकदम काळोखात बुडाला आणि मग हळूहळू लाटांचा पांढरा फेस दिसू लागला. पिल्लांनाही तो दिसला असावा. एक वळले, मग दुसरे, मग साऱ्यांचीच तोंडे फिरली. माडांच्या दिशेने भरकटलेली काही राखणदाराने टोपलीत वेचून आणली आणि लाटांपासून दूर, वाळूवरच सोडली. ती पाण्यापर्यंतची वाट त्यांची त्यांनीच चालायची असते. पहिली लाट पिल्लाला उलथे करी, दुसरी मागे लोटी, तिसरी घेऊन जाई. हजारातून एखादेच मोठे होते, असे म्हणतात. तरी प्रत्येक जण त्या हजारातले ते एकच आपण, अशा निश्चयाने चालला होता.

आपल्या जुन्या देवळांत देवापुढे सभामंडपाच्या फरशीवर दगडी कासव असते. दर्शनाला जाताना लहानपणी आम्ही ते ओलांडायला बिचकत असू. संतवाङ्मयात कासवीच्या दृष्टीचा दाखला वारंवार येतो: कासवी पिल्लांना दूध पाजत नाही, जवळ घेत नाही, दुरून नुसत्या प्रेमळ नजरेने त्यांचे पोषण करते. वर्गात हा दाखला आम्ही कित्येकदा समजावून दिला आहे. विज्ञान सांगते की समुद्रकासवीला आपली पिल्ले कधी दिसतसुद्धा नाहीत. म्हणून संतांचा दाखला खोटा ठरतो काय? त्या रात्री चादर धरून उभे असताना आम्हांला तसे वाटले नाही. आईची नजर तिथे नव्हती; परंतु नजर होतीच. रात्रभर वाळूवर चालणाऱ्या त्या राखणदाराची होती, चार दिवे मालवून बसलेल्या आमच्या यजमानांची होती आणि त्या रात्रीपुरती तरी त्यांच्या मुलाचीही होती. संतांनी सांगितलेले पोषण कोणीतरी दुरून करावेच लागते. ते काम आता माणसाकडे आले आहे, एवढाच फरक.

दुसऱ्या दिवशी निघताना मुलाने गाडीत सामान ठेवू लागताना सहज म्हटल्यासारखे सांगितले की पुढच्या हंगामात खोल्यांच्या भिंतींवर समुद्राकडे न जाणारे, खाली झुकलेले दिवे लावून पाहावेत असे त्याच्या मनात आहे. आणि रात्री काळोख का ठेवतो ते पाहुण्यांना आधीच सांगितले, तर काही जण त्या काळोखासाठीही येतील. वडील काही बोलले नाहीत. कर्जाचे हप्ते तेच आहेत आणि शेजारची माळ पुन्हा पेटली असेल, हेही खरे. प्रश्न सुटला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आदल्या रात्री “काय मिळते?” असे विचारणारा मुलगा आता “कसे करावे?” असे म्हणत होता. शिक्षकाला यातले अंतर कळते.

परतीच्या वाटेवर नदी पुन्हा सोबतीला आली आणि बोलणे आपोआप आमच्या गावाकडे वळले. दिव्यांचा प्रश्न किनाऱ्याचा. पण डोंगराचेही प्रश्न आहेत. २००२ साली कर्नाटकातून दोडामार्गात आलेल्या रानटी हत्तींची पुढची पिढी आता सीमा जाणत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात ‘ओंकार’ नावाने ओळखला जाणारा हत्ती पेडण्यात उतरला, तेव्हा शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या पिकांची नासाडी झाली. जवळच मोपाच्या पठारावरून २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उडत आहेत. विमानतळाने तरुणांना नोकऱ्या दिल्या, हे नाकारता येणार नाही. पठाराचा काळोख आणि शांतता घेतली, हेही नाकारता येणार नाही. नदीच्या वरच्या अंगाला हत्ती, खालच्या अंगाला कासव आणि मधे आम्ही माणसे. तिघांनाही नदी एकच. बागायतदार स्नेही म्हणाले, “कासवासाठी चादर धरता आली. हत्तीसाठी काय धरायचे?” यावर गाडीत वाद सुरू झाला, तो कासारवर्ण्यापर्यंत चालला आणि चहासाठी थांबल्यावरही मिटला नाही. तो मिटू नये, असेच आम्हांला वाटते.

वाचकांपैकी कोणी नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान इकडे येणार असतील, तर मोरजीला जरूर एक रात्र काढावी. पक्षी पाहायचे तर पहाटे ओहोटीची वेळ साधून तेंबावर जावे. वाळूवर कासवाचे पाऊल उमटलेले दिसले तर आपण शोध घेऊ नये. वनखात्याच्या राखणदाराला सांगावे. मादी दिसली तर दूर, तिच्या मागच्या बाजूला, गप्प बसावे. आणि आपण जिथे उतरलो असू तिथल्या मालकाला रात्री समुद्राकडचा दिवा मालवायला सांगावे. सांगणारा गिऱ्हाईक असला की मालक ऐकतो. दिवा मालवल्यावर प्रथम काही दिसत नाही. पण थोडा धीर धरला की लाटांचा फेस दिसू लागतो, मग तारे दिसतात आणि समुद्र किती मोठा आहे ते कळते.